आईबाबांना टेस्टिंग मेन्यूला न्यायचंय? फोनपासून बिलापर्यंत, क्रमाने

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार घरांत सेम स्टोरी झाली. पोराला नाहीतर पोरीला बोनस मिळाला, आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस आला, मुंबईत मोठ्या रेस्टॉरंटात टेबल बुक केलं, फोटो छान आले, आणि रात्री साडेअकराला घरी येऊन आईने साडी न बदलताच कुकर लावला. आमच्याकडेही पहिल्या वेळी हेच झालं. जेवण वाईट नव्हतं हो, क्रम चुकला होता. ज्या गोष्टी बुकिंगला सांगायच्या त्या टेबलावर बसल्यावर सांगितल्या आणि ज्या ऑर्डरच्या आधी विचारायच्या त्या बिल आल्यावर विचारल्या. तर आता ज्या क्रमाने मी करते तो लिहून ठेवते, माझ्याकडे तेवढ्यासाठी फोन येणं तरी बंद होईल.

टप्पा १: आधी प्रकार ठरवा, नाव नंतर

सगळे उलटं करतात. रील बघितलं, नाव आवडलं, बुक केलं. आधी हे ठरवा की तुम्हाला मेन्यूकार्डातून निवडून खायचंय का शेफ देईल ते खायचंय.

दुसऱ्याला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. माणशी फिक्स रेट, सात, आठ, दहा छोटे कोर्स, एकेक करून येणार, अडीच ते तीन तास. महालक्ष्मीच्या मास्क नावाच्या रेस्टॉरंटमध्ये असं असतं, वांद्र्याच्या पापाजमध्ये तर मुळात जागाच १२ जणांची. इथे तुम्ही ऑर्डर देतच नाही. बसायचं, समोर येईल ते खायचं, वेटर सांगेल ते ऐकायचं. मेन्यूकार्डवाली जागा म्हणजे कमला मिल्समधलं बॉम्बे कँटीन वगैरे, तिथे चार डिश मागवून मधे ठेवून खाता येतं, नाही आवडली एखादी तर दुसरी मागवता येते.

माझं स्पष्ट मत सांगू का, ज्या घरात कुणीतरी एकजण "मला हे नको" म्हणणारं आहे त्या घराने पहिल्या वेळी मेन्यूकार्डवाल्या जागीच जावं. टेस्टिंग मेन्यू हा कुतूहल असलेल्या माणसांसाठी आहे. माझे बाबा त्यातले आहेत, काहीही पुढे आलं की "हे काय आहे, बघू" म्हणणारे. आई नाही. म्हणून आता बाबांच्या वाढदिवसाला टेस्टिंग आणि आईच्या वाढदिवसाला मेन्यूकार्ड, दोघं खूश.

आणि एक, काउंटर सीटिंग असेल तर उंच स्टूल असतात. साठीच्या पुढच्या गुडघ्यांना तीन तास उंच स्टुलावर लटकवून ठेवू नका.

टप्पा २: तारीख पक्की करायच्या आधी कालनिर्णय काढा

हसू नका. ॲपवर शनिवारचा स्लॉट मिळाला म्हणून उड्या मारल्या आणि दोन दिवस आधी आई म्हणाली, "अगं त्या दिवशी संकष्टी आहे." संकष्टीला चंद्रोदय साधारण आठ ते दहाच्या मधे कधीतरी असतो आणि तुमचं टेबल सातचं. आई पाणी पीत बसणार आणि तुम्ही तिच्यासमोर खाणार, जमेल का? एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, पितृपक्ष, नवरात्र, आणि चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद असलेली मंडळी, सगळं आधीच विचारून घ्या. थेट आईलाच विचारा, बाबांना विचारू नका, त्यांना माहीत नसतं.

ड्रिंक्स घेणारं कुणी असेल तर ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर ठरलेलेच, शिवाय निवडणुकीच्या आसपासचे दिवस. आणि महाराष्ट्रात बिअर-वाईनला वय २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ लागतं, तेव्हा तेवीस वर्षांच्या धाकट्या भावासाठी कॉकटेल मागवून चारचौघात आयडी दाखवायची वेळ आणू नका.

वार शक्यतो मंगळ, बुध, गुरू. शुक्रवार-शनिवारी आवाज इतका असतो की वेटर डिश समजावतो ते बाबांना ऐकूच येत नाही, ते मान हलवतात आणि मग मला हळूच विचारतात, काय म्हणाला तो?

चेक: तारीख, वार, उपवास, आणि घरच्या सगळ्यांना त्या दिवशी रात्री जागायला चालणार आहे का. चारही जमत असतील तरच पुढे.

टप्पा ३: ॲपवर बुक करा, पण फोन कराच

अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आणि लोक हाच गाळतात. ॲपमध्ये "स्पेशल रिक्वेस्ट" असा एक रकाना असतो, त्यात लिहिलं म्हणजे किचनला कळलं असं धरून चालू नका. फोन करा. दुपारी तीन ते सहाच्या मधे करा, लंच उरकलेलं असतं आणि डिनर सुरू व्हायचं असतं, तेव्हा समोरचा माणूस नीट बोलतो. रात्री नऊला केलात तर तो फक्त "येस मॅम, शुअर मॅम" करतो.

काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्या. मी घेते.

पहिलं, व्हेज म्हणजे नक्की काय. नुसतं "दोन व्हेज, दोन नॉनव्हेज" सांगून काम होत नाही. अंडं चालतं का? माझ्या आईला चालत नाही, आणि मोठ्या रेस्टॉरंटच्या व्हेज कोर्समध्ये अंडं कुठेही असू शकतं, मेयोनीजमध्ये, ताज्या पास्त्यात, डेझर्टमध्ये तर हमखास. तिरामिसूत अंडं असतं आणि बऱ्याचदा दारूही. पॅनाकोटा जिलेटिनने सेट करतात आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं. खरं पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या अर्काने, बनवतात. जपानी सूपच्या बेसमध्ये सुक्या माशाचे पातळ काप असतात, थाई करीच्या पेस्टमध्ये बहुतेक वेळा सुकी कोलंबी, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोवी मासा. हे सगळं वेटरला टेबलावर पाठ असेलच असं नाही, पण फोनवर दोन दिवस आधी सांगितलंत तर शेफ बदलून देतो. तर वाक्य असं: "एकजण शुद्ध शाकाहारी, अंडं नाही, जिलेटिन नाही, माशाचा किंवा चिकनचा स्टॉक नाही, डेझर्टमध्ये दारू नाही." तोडून तोडून सांगा आणि त्याला परत म्हणून दाखवायला सांगा. जैन असेल तर किती दिवस आधी सांगावं लागतं ते विचारा, काही ठिकाणी टेस्टिंग मेन्यू जैन करून देतच नाहीत आणि ते आधी कळलेलं बरं.

दुसरं, ॲलर्जी आणि नावड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या सांगा. बाबांना मशरूम आवडत नाही ही नावड. माझ्या नवऱ्याला कोलंबी-खेकड्याने घसा सुजतो ही ॲलर्जी. नावडीला ॲलर्जी म्हणून खपवायची फॅशन आलीये, नका करू, ॲलर्जी म्हटलं की किचनमध्ये वेगळा बोर्ड, वेगळी सुरी, वेगळं पॅन निघतं, आणि तुम्ही नंतर शेजारच्या ताटातलं तेच मशरूम चाखलंत की पुढच्या खऱ्या ॲलर्जीवाल्याचं कुणी ऐकत नाही.

तिसरं, जिना. मुंबईतल्या अर्ध्या भारी रेस्टॉरंट जुन्या गिरण्यांमध्ये नाहीतर जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यावर आहेत. लिफ्ट आहे का, टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का, पाठ टेकायला खुर्ची मिळेल का, थेट एसीखाली टेबल नको. लाजू नका विचारायला, त्यांना हे रोज विचारतात.

चौथं, पैसे. माणशी रेट काय, त्यावर टॅक्स किती, सर्व्हिस चार्ज लावता का, बुकिंगला डिपॉझिट किती आणि कॅन्सल केलं तर कधीपर्यंत परत मिळतं. टेस्टिंग मेन्यूवाल्या जागा आगाऊ पैसे किंवा कार्ड डिटेल्स घेतात, आणि चारचं बुकिंग करून तिघेच गेलात तर चौथ्याचेही पैसे जाऊ शकतात. माणसं नक्की करून मगच बुक करा, "काका बहुतेक येतील" असं चालत नाही इथे.

पाचवं, केक. बाहेरून आणलेल्या केकला काही जागा चार्ज लावतात, काही आणूच देत नाहीत. बऱ्याच ठिकाणी लग्नाचा वाढदिवस आहे असं आधी सांगितलं तर डेझर्टच्या प्लेटवर चॉकलेटने नाव लिहून देतात, फुकट. तेवढ्यात काम भागतं खरंतर.

थांबा: फोन झाला की ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून घ्या आणि सगळं परत एकदा व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर टाका. "फोनवर सांगितलं होतं" याला टेबलावर काही किंमत नसते, मेसेज दाखवला की लगेच हालचाल होते.

टप्पा ४: बिलाचा अंदाज घरीच काढा

मेन्यूवर दिसतो तो आकडा अंतिम नसतो. एक उदाहरण करून बघू, आकडे धरलेले आहेत. चार माणसं, माणशी ४,५०० चा मेन्यू, झाले १८,०००. १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर १,८०० वाढले, झाले १९,८००. आता जीएसटी. साध्या, म्हणजे हॉटेलच्या आत नसलेल्या रेस्टॉरंटला ५ टक्के, म्हणजे ९९०, एकूण २०,७९०. पण तेच रेस्टॉरंट फाइव्हस्टार हॉटेलच्या आत असेल, जिथे खोलीचं भाडं रोजचं ७,५०० च्या वर जातं, तिथे बहुतेक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५६४, एकूण २३,३६४. सेम जेवण, अडीच हजारांचा फरक, फक्त छप्पर वेगळं.

दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, तो वेगळ्या ओळीत येतो. आणि पाणी. बसल्या बसल्या "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" विचारतात, आपण रुबाबात "स्टिल" म्हणतो, चारजण तीन तासांत चार बाटल्या संपवतात आणि त्या बाटल्यांच्या पैशात घरी आठवड्याची भाजी येते. "रेग्युलर वॉटर" म्हणा, फिल्टरचं पाणी देतात. कुणी वाकडं बघत नाही. बघितलं तर बघू दे.

हा आकडा काढलात की जोडीदाराला सांगा, आईबाबांना सांगू नका. आणि त्यांच्यासमोर मेन्यूकार्ड येणार असेल तर फोनवरच विचारून ठेवा की किमती नसलेलं कार्ड मिळेल का, काही ठिकाणी असतं. माझ्या आईने एकदा सुपाची किंमत वाचली आणि तिथून पुढे तिने प्रत्येक घासाचा भाव काढला.

टप्पा ५: त्या दिवशी

दुपारचं जेवण नेहमीसारखं करा. "रात्री एवढं खायचंय" म्हणून दिवसभर उपाशी राहणारे लोक सातला पोचतात, पहिला खरा भरीव कोर्स येतो आठला, तोवर डोकं दुखायला लागतं आणि ब्रेड आला की चारचार तुकडे लोणी लावून संपवतात, मग मेन कोर्सला जागा नाही. पाचच्या सुमाराला अर्धी वाटी पोहे, एक केळं, असं काहीतरी. साडेसहाला दादर स्टेशनबाहेर वडापाव नको.

घरात डायबेटिस असेल तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. आपली गोळी किंवा इन्सुलिन जेवणाच्या वेळेवर बांधलेलं असतं, आणि इथे "जेवण" तीन तासांत पसरलेलं, सुरुवातीचे तीन कोर्स म्हणजे एकेक घास. नेमकं कधी घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारा आणि पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटं ठेवा. रेस्टॉरंटला पण सांगा, ते ब्रेड लवकर आणून देतात.

कपड्यांचं फार टेन्शन नको. साडी सगळीकडे चालते, बाबांचा इस्त्रीचा शर्ट-पँट आणि बूट सगळीकडे चालतात. अडतं ते शॉर्ट्स आणि चपलांवर, आणि ते बहुतेक धाकट्या भावाचं असतं. शाल मात्र घ्या, एसी भयंकर असतो.

प्रवास. संध्याकाळी सातचं टेबल म्हणजे लोअर परळला गाडीने पोचायला शुक्रवारी नशीब लागतं, त्यात एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून परळ-प्रभादेवीकडून पलीकडे जाणं म्हणजे आणखी वनवास. फोर्ट, काळा घोडा बाजूला जायचं असेल तर मेट्रो ३ ने हुतात्मा चौकाला उतरा, आरामात. पण परतीचा विचार करा, मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराला सुटते आणि टेस्टिंग मेन्यू दहाला संपेलच याची गॅरंटी नाही. म्हणून दोन स्लॉट असतील, सातचा आणि साडेनऊचा, तर सातचाच घ्या. साडेनऊवाला संपतो साडेबाराला आणि मग डोंबिवलीला जायचं म्हणजे कॅबवाल्याच्या दयेवर.

चेक: दुपारी त्यांचा कन्फर्मेशनचा कॉल येतो, तो उचला. अनोळखी नंबर म्हणून कट केलात तर टेबल जाऊ शकतं. उचललात की त्याच कॉलवर व्हेजचं आणि ॲलर्जीचं परत एकदा सांगा. पंधरा मिनिटांच्या वर उशीर होणार असेल तर ट्रॅफिकमधूनच फोन करा.

टप्पा ६: बसल्यावरची पहिली दहा मिनिटं

टेबल आवडलं नाही तर बसायच्या आधी सांगा, नॅपकिन मांडीवर पडल्यावर नाही. टॉयलेटच्या दाराशी, किचनच्या दाराशी किंवा स्पीकरखाली बसवत असतील तर "दुसरं काही मिळेल का" एवढंच विचारायचं. बऱ्याचदा मिळतं.

मग कॅप्टनला बोलवा. कॅप्टन म्हणजे ऑर्डर घेणारा, वेटरच्या वरचा. त्याला टेबलावर तिसऱ्यांदा सांगा, कोण व्हेज, कोणाला काय चालत नाही, आणि बोटाने माणूस दाखवा. "यांना अंडं नाही, यांना शेलफिश नाही." ते लोक खुर्चीच्या नंबरवर लक्षात ठेवतात, म्हणून एकदा सांगितल्यावर खुर्च्या बदलू नका! आमच्याकडे भावाने आईला एसी लागतो म्हणून जागा बदलली आणि आईसमोर बदकाची डिश आली. नशीब तिने विचारलं. मराठीत बोललात तरी बिघडत नाही, स्टाफमध्ये कुणी ना कुणी मराठी निघतंच, एकदा तर मालवणचा निघाला आणि मग बाबा आणि तो सोलकढीवर दहा मिनिटं बोलत बसले, तो आमचा सगळ्यात भारी डिनर.

मेन्यूकार्डवाल्या जागी ऑर्डर एका दमात देऊ नका. चारजणांना सुरुवातीला तीन-चार छोट्या प्लेट, मग दोन मोठ्या, एवढीच द्या, बाकी बघून. आणि सांगा की एकेक आणा, नाहीतर सगळं एकदम येतं, टेबलावर जागा नसते आणि मासा गार होतो. उलट घरच्यांना ताटात सगळं एकत्र लागत असेल तर तेही सांगा, ऐकतात.

थांबा: मेन्यूवर एखाद्या पदार्थासमोर किंमत नसेल, किंवा "मार्केट प्राईस" लिहिलं असेल, तर विचारल्याशिवाय मान हलवायची नाही.

हे मी पैसे मोजून शिकलेय. दक्षिण मुंबईत एका सीफूडच्या जागी गेलो होतो, नाव नाही घेत. वेटर आतून जिवंत खेकडा घेऊन आला, नांग्या बांधलेल्या, हातभर अंतरावर धरून म्हणाला, "सर, हा बघा, बटर गार्लिकमध्ये मस्त होईल." खेकडा पाय हलवत होता, बाबा खूश, पोरं खूश, सगळ्यांनी माना डोलावल्या. वजन विचारलं नाही, किलोचा भाव विचारला नाही. चव खरंच अफाट होती, बोटं चाटत बसलो. बिल आलं तेव्हा बाकीच्या सगळ्या जेवणाएवढा तो एकटा खेकडा होता. आणि रेस्टॉरंटची चूक काय त्यात, आम्ही विचारलंच नाही. आता मी दोनच प्रश्न विचारते, "किलोला काय भाव आणि हा किती किलोचा?" आणि गुणाकार तिथेच करते.

टप्पा ७: खाताना

काटे-चमच्यांची भीती सगळ्यात जास्त वाटते आणि सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. बाहेरच्या बाजूने आत यायचं, बस. चुकलात तर ते दुसरा आणून ठेवतात. काटा-सुरी प्लेटवर शेजारी शेजारी समांतर ठेवली की "झालं, न्या" असा अर्थ, दोन बाजूंना तिरकी टेकवली की "अजून खातोय". हे एवढं आईबाबांना घरीच सांगून ठेवा, नाहीतर बोलता बोलता अर्धी डिश उचलून नेतात. हाताने खायचं असेल तर खुशाल खा, रोटी-नान काट्याने कोण खातं.

खरी गडबड वेगळ्याच गोष्टींनी होते. सुरुवातीला एका छोट्या बशीत पांढरी, गोल, पेपरमिंटएवढी चकती आणून ठेवतात. बाबांनी ती उचलून सरळ तोंडात टाकली. तेवढ्यात वेटर गरम पाण्याची किटली घेऊन आला आणि थबकला. ती चकती म्हणजे दाबलेला रुमाल असतो, पाणी ओतलं की मेणबत्तीसारखा वर उठतो, त्याने हात पुसायचे. बाबांनी अतिशय शांतपणे ती तोंडातून काढली, बशीत ठेवली आणि म्हणाले, "ओता." वेटरने ओतलं आणि रुमाल उठला. तो हसला नाही याबद्दल मी त्याला वेगळी टिप दिली.

तर नियम असा, वेटर सांगेपर्यंत थांबा. प्लेटमध्ये दगड असतात, शिंपले असतात, पानं असतात, कधी लाकडाचा ओंडका असतो, त्यातलं खायचं काय आणि सजावट काय हे तो सांगतो. नाही सांगितलं तर विचारा, "हे खायचंय का?" हा त्या जागेतला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे.

सगळ्यात आधी एक घासाचं काहीतरी येतं जे मेन्यूवर नसतं, ते शेफकडून असतं, त्याचे पैसे लागत नाहीत, घाबरू नका. मधेच आंबट सरबताच्या बर्फाचा एवढासा गोळा येतो, ते डेझर्ट नाही, जिभेवरची आधीची चव घालवायला असतं. आमच्याकडे तो आल्यावर बाबा उठून हात धुऊन आले, त्यांना वाटलं संपलं. अजून मेन कोर्स यायचा होता.

वाईन मागवलीत तर थोडीशी ओतून देतात चाखायला. ती आवडली का हे विचारत नसतात, खराब झालीये का ते विचारतात. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर सांगा, नाहीतर मान हलवा.

डिश बरोबर नसेल तर दोन घासांत सांगा. मासा आत कच्चा आहे, सूप कोमट आहे, खारट आहे. पूर्ण संपवून मग "तेवढं खास नव्हतं" म्हणायचं ही आपली खास सवय, त्याचा कुणाला उपयोग नाही, ना त्यांना ना तुम्हाला. आणि "आवडलं नाही" आणि "बिघडलंय" यातला फरक करा, बिघडलेलं ते बदलून देतातच, न आवडलेलं देतील किंवा नाही देणार.

चेक: प्रत्येक कोर्सला व्हेजवाल्याची प्लेट खाली ठेवताना वेटर "व्हेजिटेरियन" म्हणतो का ऐका. नाही म्हणाला तर पहिला घास घ्यायच्या आधी विचारा. डेझर्टला तर विचाराच, तोपर्यंत सगळे सैल झालेले असतात आणि अंडं तिथेच गाठतं.

टप्पा ८: बिल

शेवटच्या कॉफीबरोबरच बिल मागा आणि व्हॅलेचं टोकन तेव्हाच देऊन टाका, नाहीतर गाडीसाठी फुटपाथवर वीस मिनिटं.

बिल बाबांच्या हातात पडू देऊ नका. मी मधे टॉयलेटला जायच्या निमित्ताने उठते आणि काउंटरवरच देऊन येते. तिथे नीट वाचता पण येतं. वाचायचं काय, तर माणसं बरोबर मोजलीत का, न आलेली डिश लागलीये का, पाण्याच्या बाटल्या किती, दारूवर चुकून जीएसटी लावलाय का, आणि सर्व्हिस चार्ज.

सर्व्हिस चार्जचं नीट समजून घ्या कारण यावर टेबलावर भांडणं होतात. हा सरकारी कर नाही, तो रेस्टॉरंट स्वतः लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला गाइडलाइन काढली की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती उचलून धरली. म्हणजे तुम्ही "सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या" म्हणू शकता, आणि तो काढला की त्याच्यावर लागलेला जीएसटी पण कमी होतो. ऐकतच नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण आवाज चढवायची गरज नाही, आईबाबांसमोर तर मुळीच नाही, काउंटरवर हळू सांगितलं की बहुतेक ठिकाणी निमूट काढतात. मी काढायला सांगते आणि सर्व्हिस चांगली असेल तर साधारण तेवढेच कॅश थेट त्या वेटरच्या हातात देते. सर्व्हिस चार्ज ठेवला असेल तर वर परत टिप द्यायचं काही कारण नाही, दोन्ही देणारे लोक मी बघितलेत, घाईत.

ॲपवरून डिस्काउंट घ्यायचा असेल तर ज्या ॲपवरून बुकिंग, बिल पण त्याच ॲपमधून. कार्ड आधी स्वाइप केलं आणि मग आठवलं तर काही होत नाही. टेस्टिंग मेन्यूवर आणि शनिवार-रविवारी ऑफर बऱ्याचदा लागू नसते, ते बुक करतानाच वाचून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

उरलेलं पॅक करायला सांगायची लाज वाटू देऊ नका, मेन्यूकार्डवाल्या जागी देतात. टेस्टिंग मेन्यूचं नाही देत शक्यतो. डबा मिळाला की तो थेट आईकडे द्या, टेबलाच्या कडेला ठेवला तर फोटो, शाल, टोकन, निरोप या गडबडीत तो तिथेच राहतो, आमचे दोन राहिलेत.